सुरुंग, गोखरू आणि घेऱ्यातली झाडी: सातारा-सांगलीच्या युद्धभूमीतील छुपे सापळे

शत्रूला दिसू न देता त्याच्याच पावलाने किंवा त्याच्याच उतावळेपणाने घात घडवून आणणारी योजना, म्हणजेच युद्धातला छुपा सापळा, हा विषय मराठ्यांच्या लष्करी इतिहासात सहसा गनिमी काव्याच्या एखाद्या परिच्छेदात उरकला जातो आणि त्यामागची खोदाई, लोहारकाम, वनराखण आणि दारूकाम ही सारी मेहनत त्या एका शब्दाखाली झाकली जाते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या भूमीत मात्र हा विषय स्वतंत्रपणे तपासण्याइतकी सामग्री आहे. संस्थानांचा भाग वगळता १९४९ पर्यंत हा मुलूख एकाच सातारा जिल्ह्याच्या नावाखाली होता, त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या युद्धांचा विचार करताना दोन्ही जिल्हे एकत्र धरणेच सोयीचे ठरते. पश्चिमेला जावळी-कोयनेचे घनदाट रान, मधल्या पट्ट्यात अजिंक्यतारा, सज्जनगड, चंदन-वंदन, वर्धनगड असे सुटे डोंगरी किल्ले, कृष्णाकाठच्या काळ्या मातीत मिरजेसारखे भुईकोट आणि पूर्वेला माण, आटपाडी, जतचा कोरडा माळ, अशी या मुलखाची चार रूपे आहेत, आणि सापळ्याचे रूपही जमिनीच्या या रूपाप्रमाणे पालटत गेलेले दिसते.

सापळ्यांची कल्पना अर्थातच मराठ्यांच्या काळाहून फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गरचनेच्या प्रकरणात तटाबाहेरच्या वाटेवर गुडघे मोडणाऱ्या जानुभंजनी, शूळ रोवलेले खड्डे, वरून झाकलेले कूटगर्त, शृंगाटक आणि श्वदंष्ट्रा अशा काटेरी योजनांची यादी येते. यांपैकी शेवटचा प्रकार पुढे लोखंडात उतरला आणि गोखरू या नावाने मध्ययुगीन किल्लेबंदीत रूढ झाला. चार अणकुचीदार टोके अशा कोनांत जोडलेली असतात की तो तुकडा कसाही फेकला तरी तीन टोके जमिनीवर टेकतात आणि चौथे आपोआप आभाळाकडे तोंड करून उभे राहते. त्याला रोवावे लागत नाही, पुरावे लागत नाही, आणि अंधारात मूठभर तुकडे वाटेवर उधळून माघार घेणाऱ्या माणसाला क्षणभरही थांबावे लागत नाही. घोड्याच्या खुराचा मधला मऊ भाग आणि हत्तीच्या पायाचा तळवा हे या हत्याराचे खरे लक्ष्य होते, कारण लंगडा झालेला घोडा किंवा बिथरलेला हत्ती आपल्याच मागच्या रांगेत जो गोंधळ माजवतो तो दहा बंदुकांनीही माजत नाही. माणदेशात किंवा जतच्या माळावर अनवाणी चाललेल्या कोणालाही या रचनेचे नवल वाटणार नाही. पावसाळा सरताना जमिनीलगत पसरणाऱ्या सराट्याच्या वेलीवर निसर्गाने हाच आकार लहान प्रमाणात घडवून ठेवलेला असतो, आणि लोखंडी काट्याने नावही त्याच वनस्पतीचे घेतले आहे.

गोखरू हे साधन म्हणून नेटके असले तरी ते उघड्या आणि सपाट वाटेवरच उपयोगी पडते. जावळीच्या रानात मुळात वाटच नव्हती, आणि तिथे शिवाजी महाराजांनी जो सापळा रचला तो वाट अडवून नव्हे, तर वाट तयार करून रचला. १६५६ च्या प्रारंभी जावळी स्वराज्यात आली, त्यानंतर प्रतापगड बांधला गेला आणि १६५९ मध्ये अफझलखान वाईपर्यंत आला. वाईहून पार गावाकडे जाणारा, रडतोंडी घाटातून उतरणारा मार्ग खानाच्या फौजेसाठी झाडी तोडून मोकळा करण्यात आला आणि मुक्कामाच्या सोयी लावण्यात आल्या, तर या एका मार्गाखेरीज इतर वाटा बंद करण्यात आल्या, असे बखरींच्या आधारे इतिहासकार ग्रँट डफने लिहिले आहे. स्वागतासाठी तयार केलेला रस्ताच परतीच्या वेळी कोंडी ठरावा ही योजना पाहिली, तर १० नोव्हेंबर १६५९ रोजी शामियान्यात जे घडले तितकेच महत्त्व त्या आधीच्या दिवसांत कुऱ्हाडी चालवणाऱ्या आणि झाडीत दबा धरून बसलेल्या लोकांच्या कामाला द्यावे लागते. भेटीनंतर गडावरून तोफांचा इशारा झाला आणि रानात दडवून ठेवलेल्या तुकड्या पारच्या तळावर तुटून पडल्या. लोककथेला वाघनखे अधिक प्रिय आहेत आणि ते स्वाभाविकच आहे. पण वाघनखांनी फक्त सेनापती मारला, त्याची फौज मोडली ती त्या रस्त्याने.

झाडी हे शस्त्र आहे, ही जाण पुढे लेखी धोरणातही उतरली. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत सिद्ध झाले. राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्रातला कारभार सांभाळलेल्या आणि मोगलांचे वेढे जवळून पाहिलेल्या माणसाचा तो ग्रंथ असल्याने त्यातील दुर्गप्रकरण पुस्तकी वाटत नाही. गडाच्या घेऱ्यातली, म्हणजे डोंगराच्या उतारावरील आणि पायथ्याच्या पट्ट्यातली झाडी जाणीवपूर्वक वाढवावी, तिच्यातली काठीसुद्धा तोडू देऊ नये, अडचणीच्या वेळी बंदूकधारी हशम तिच्यात लपवता यावेत, गडावर येणारा मार्ग सुगम असेल तर तो मोडून त्यावर झाडे वाढवावीत आणि दुसरीकडून अवघड मार्ग घालावा, एकाच दरवाजावर गड विसंबू नये, चोरवाटा आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, असा उपदेश तिथे तपशिलाने येतो. उतारावरच्या चौक्यांना मेटे म्हणत आणि त्यांवर राबता असणाऱ्या रामोशी, बेरड, महार, कोळी अशा समाजांच्या लोकांना घेऱ्यातली प्रत्येक पायवाट ठाऊक असे. परक्याला जी झाडी सारखीच दिसे तिच्यात कुठे पाऊल टाकावे आणि कुठे टाकू नये, हे ज्ञान त्यांच्याकडे होते, आणि सापळ्याची खरी किंमत त्या ज्ञानात होती. या लोकांची नावे कागदोपत्री क्वचितच उतरली. किल्लेदार, सबनीस आणि कारखानीस मात्र उतरले.

डोंगरी किल्ल्याच्या बचावाचे आणखी एक साधन अगदी साधे होते, ते म्हणजे दगड. तटाच्या आत जागोजागी लहानमोठे धोंडे रचून ठेवलेले असत, आणि चढणाऱ्या टोळीवर ते सोडले की उतारच त्यांना वेग देई. सातारच्या वेढ्यात वरून लोटलेले धोंडे तोफखान्याइतकेच घातक ठरले, असा शेरा ग्रँट डफने मारला आहे, आणि १८१८ ते १८२२ या काळात सातारा दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या या लेखकाला तो डोंगर रोज समोर दिसत होता, हे लक्षात घेतले तर त्या शेऱ्याला वजन येते.

या सर्व बचावाला उत्तर म्हणून हल्लेखोराकडे जो छुपा उपाय होता तो सुरुंगाचा. सुरुंग म्हणजे तटाच्या किंवा बुरुजाच्या पायाखाली खणलेले भुयार आणि त्याच्या टोकाशी कोठडी करून तिच्यात भरलेली दारू. दारू याचा अर्थ येथे शोरा, गंधक आणि कोळसा यांचे स्फोटक मिश्रण, ज्यात शोऱ्याचा वाटा सर्वांत मोठा असे. काम मोर्चाच्या आडून सुरू होई. मातीचे धूळकोट, फांद्यांच्या जुड्या आणि लाकडी दमदमे, म्हणजे तोफा व बंदूकधारी चढवण्यासाठी उभारलेले उंचवटे, यांच्या आसऱ्याने बेलदार आणि पाथरवट तटापर्यंत सरकत आणि तिथून पुढे जमिनीत शिरत. कोठडी भरल्यावर बत्तीची वाट, म्हणजे दारूची ओळ किंवा दारू भरलेली नळी, बाहेरपर्यंत आणून भुयाराचे तोंड माती आणि दगडांनी घट्ट ठासावे लागे, कारण ठासणी कच्ची राहिली तर स्फोटाचा जोर उलट भुयारातूनच बाहेर पडे. पहार, टिकाव, छिन्नी आणि घमेले यांचे हे काम आठवडेच्या आठवडे चाले, आणि तेवढा सारा काळ वरच्या लोकांना त्याचा नेमका ठावठिकाणा लागू नये, ही त्यातली खरी अट होती.

सुरुंगाला मराठे कसे तोंड देत याचा उत्तम नमुना १६६० मध्ये चाकणला दिसतो. चाकण साताऱ्याच्या सीमेबाहेर, पुण्याच्या उत्तरेला असले, तरी तिथल्या लढ्याचा नायक फिरंगोजी नरसाळा परंपरेने पुढे सांगली जिल्ह्यातल्या भूपाळगडाशी, म्हणजे खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडाशी जोडला जातो. मोगल सुभेदार शायिस्ताखानाने भुईकोटाच्या ईशान्य बुरुजापर्यंत भुयार नेले आणि १४ ऑगस्ट १६६० रोजी बत्ती दिली. बुरुज उडाला, मोगल खिंडाराकडे धावले, आणि पाहतात तो आत मराठ्यांनी मातीचा दुसरा उंच बांध आधीच घालून ठेवलेला होता; त्या बांधाआडून फिरंगोजीच्या लोकांनी बाण, बंदुका आणि धोंड्यांनी दिवसभर हल्ला थोपवला. ५६ दिवस झुंजल्यावर दुसऱ्या दिवशी किल्ला पडला, पण त्यापूर्वी मोगलांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले होते. याचा अर्थ असा की सुरुंगाची जागा वरच्यांनी ताडली होती. भुयार थांबवता आले नाही, तरी स्फोटानंतरचा क्षण आपल्या बाजूने फिरवण्याइतकी तयारी त्यांनी केली होती. पुढे १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला तेव्हा मात्र सुरुंगाची गरज पडली नाही, तोफांनी काम भागले.

सातारा किल्ल्याचा, म्हणजेच अजिंक्यताऱ्याचा, वेढा हे या विषयाचे सर्वांत मोठे प्रकरण आहे. १६९९ च्या ऑक्टोबरात औरंगजेब भीमाकाठची ब्रह्मपुरीची छावणी सोडून स्वतः किल्ले घेण्यासाठी निघाला. वाटेत कऱ्हाडजवळचा वसंतगड नोव्हेंबरात त्याच्या हाती आला, त्याचे नाव विजयाची किल्ली अशा अर्थाने कलीद-इ-फतेह ठेवण्यात आले, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बादशाही डेरे साताऱ्याच्या उत्तरेला करंजे गावाशी पडले. बादशाहाचे वय तेव्हा ८१ वर्षांचे होते. पश्चिमेच्या बाजूने शाहजादा आझम याची छावणी होती आणि तोफखान्याचा प्रमुख तरबियतखान याच्यावर तट फोडण्याची जबाबदारी होती. किल्ल्यावर प्रयागजी प्रभू हा शिवकाळात तयार झालेला जुना हवालदार होता. डोंगर शहरापासून सुमारे ९०० फूट उंच आहे; वर चाळीसेक फुटांचा काळ्या कातळाचा उभा कडा आहे आणि त्या कड्यावर दगडी तट आहे, त्यामुळे खालून मारलेल्या तोफांचे गोळे बव्हंशी कातळावरच आपटत राहिले. बाहेर फिरणाऱ्या मराठी फौजा मोगलांची रसद आणि वैरण तोडत होत्या, त्यामुळे वेढा घालणारी छावणी स्वतःच अर्धी वेढलेली होती. चार महिने असे गेल्यावर सारी भिस्त सुरुंगावर आली.

दोन सुरुंग तयार झाले, एक लहान आणि एक मोठा, आणि स्थानिक परंपरा त्यांची जागा मंगळाईच्या बुरुजाशी दाखवते. १३ एप्रिल १७०० हा दिवस ठरला. ग्रँट डफच्या कथनानुसार त्या दिवशी बादशाहाची स्वारी मोठ्या थाटाने किल्ल्यासमोर निघाली आणि ती पाहण्यासाठी वरचे लोक, त्यांत प्रयागजीही, तटावर गोळा झाले. ही स्वारी केवळ शोभेची होती की तटाच्या ठरावीक भागावर माणसे जमवण्याचे ते आमिष होते, याबद्दल दुमत संभवते. परंतु स्फोटाच्या आधी नेमक्या त्याच जागी गर्दी झाली, एवढे खरे. पहिल्या सुरुंगाने कातळाला भेगा पाडल्या आणि तटाचे दगडकाम आतल्या बाजूला कोसळून अनेक लढवय्ये त्याखाली चिरडले गेले. प्रयागजी भवानीच्या देवळाजवळ ढिगाऱ्यात गाडला गेला, आणि त्याला उकरून काढले तेव्हा तो जिवंत होता, हे गडावरच्या लोकांनी शुभशकुन मानले. इथपर्यंत सारे मोगलांच्या मनासारखे घडले होते.

यानंतर दुसरा सुरुंग उडाला. पहिल्या स्फोटाच्या यशाने हुरळलेली हल्ल्याची तुकडी कड्याखाली पुढे सरसावली होती, मोठ्या सुरुंगाची बत्ती वेळेआधी पेटली, आणि तटाचा प्रचंड भाग आत न पडता बाहेर, खाली उभ्या असलेल्या मोगल सैनिकांवर कोसळला. दोन हजारांच्या आसपास माणसे त्याखाली मेली. घातासाठी रचलेली यंत्रणा रचणाऱ्यावरच उलटल्याची इतकी मोठी घटना दख्खनच्या इतिहासात क्वचितच सापडेल. बत्तीच्या वेळेतली चूक हे तिचे उघड कारण असले, तरी डोंगरकड्याची रचना हे तितकेच महत्त्वाचे कारण मानावे लागते. स्फोटाचा जोर नेहमी कमी विरोधाची बाजू शोधतो. सपाटीवरच्या भुईकोटाच्या तटाला दोन्ही अंगांनी मोकळी हवा असते आणि पायाखाली माती असते, म्हणून तो वर उचलला जाऊन जागीच बसतो. डोंगरी किल्ल्याच्या तटाच्या आत मात्र भराव आणि सलग डोंगर असतो, तर बाहेर केवळ पोकळी. अशा ठिकाणी खोल भरलेली मोठी दारू तटाला दरीकडेच ढकलणार, आणि तो हल्ल्यासाठी तिष्ठत उभ्या असलेल्यांच्या डोक्यावरच येणार. चाकणच्या मातीत जे साधले ते साताऱ्याच्या कातळात तसेच्या तसे साधावे, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती, आणि या दोषाचे माप तरबियतखानाच्या कारागिरांपेक्षा त्यांच्या वरिष्ठांच्या पदरात घालणे अधिक न्याय्य होईल.

खिंडार पडले होते, सुमारे २० यार्डांचे, आणि वर ते अडवायला त्या क्षणी फारसे कोणी नव्हते. मोगलांच्या बाजूने लढणाऱ्यांपैकी जतच्या डफळे घराण्यातला बाजी चव्हाण डफळे काही साथीदारांसह त्या खिंडारातून वर चढला आणि इथे शत्रू नाही, वर या, असे ओरडून खालच्यांना बोलावू लागला. परंतु खाली ज्यांनी आताच आपले शेकडो सोबती दगडांखाली गेलेले पाहिले होते त्यांच्यापैकी कोणीही हलले नाही, आणि बाजी तिथेच पडला. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या जहागीरदाराचा मुलगा साताऱ्याच्या किल्ल्यावर बादशाहासाठी चढावा आणि त्याच्या विरोधात उभा असलेला हवालदार नुकताच ढिगाऱ्यातून निघालेला असावा, हा प्रसंग सतराव्या शतकाच्या अखेरच्या मराठी समाजाचे चित्र कोणत्याही विवेचनापेक्षा स्पष्टपणे दाखवतो. वतन ज्याच्या शिक्क्याने टिकेल त्याची चाकरी, हा त्या काळातला व्यवहार होता, आणि त्याकडे पाहताना आजची निष्ठेची मोजपट्टी लावून भागत नाही.

स्फोटानंतरचा भाग खाफीखानाने लिहिला आहे आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. दगडाखाली सापडलेल्यांना काढण्याची काही सोय झाली नाही, तेव्हा आपल्या भाईबंदांची प्रेते तशीच पडलेली पाहून संतापलेल्या पायदळातील लोकांनी मोर्चातल्या लाकडी दमदम्यांना आग लावली. वारा आणि वाळलेले लाकूड यांमुळे ती आग आठवडाभर धुमसत राहिली आणि ढिगाऱ्यातले हिंदू-मुसलमान, मेलेले आणि हलू न शकणारे जखमी, सगळे एकाच आगीत गेले. पाणी, दारू आणि खोदाई यांवर चार महिने केलेला खर्च असा राखेत मिळाला. मोगल इतिहासकाराने आपल्याच पक्षाची ही फजिती आणि क्रूरता लपवली नाही, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

तरीही आठच दिवसांनी, २१ एप्रिलला, किल्ल्यावर बादशाही निशाण चढले. याचे श्रेय सुरुंगाला देता येत नाही. २ मार्च रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचा मृत्यू झाल्याची वार्ता पसरली होती, गडावरचा दाणागोटा आणि दारू संपत आली होती, आणि सुभानजी या किल्लेदाराने शाहजादा आझमच्या मध्यस्थीने बोलणी करून किल्ला खाली केला. त्याबद्दल त्याला मनसब मिळाली आणि किल्ल्याला शाहजाद्याच्या नावावरून आझमतारा हे नाव. त्यापाठोपाठ परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, जूनमध्ये हाती आला, पुढच्या वर्षी वर्धनगड आणि चंदन-वंदन आले, १७०२ मध्ये विशाळगड आला. या मालिकेत एकही महत्त्वाचा गड सुरुंगाने पडला असे दाखवता येत नाही, बहुतेक ठिकाणी पैसा आणि वाटाघाटी यांनीच दरवाजे उघडले, आणि ते किल्ले काही वर्षांतच एकेक करून मराठ्यांकडे परत आले. खुद्द सातारा १७०८ च्या प्रारंभी शाहू महाराजांनी घेतला तोही दबावाने. हवालदार शेख मिरा याचे कुटुंब वाईला ताब्यात घेऊन त्यांना तोफेच्या तोंडी देण्याची धमकी देण्यात आली आणि शेख मिराने किल्ला उघडला, अशी कथा सांगितली जाते. १२ जानेवारी १७०८ रोजी त्याच गडावर शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला.

मराठ्यांनी सुरुंगविद्या शत्रूकडून शिकली की आपली आपण वाढवली, हा वाद फारसा फलदायी नाही. विहिरी आणि टाकी खोदणाऱ्या बेलदार-पाथरवटांचा वर्ग दोन्ही बाजूंना तोच होता आणि तो मजुरी देईल त्याच्याकडे काम करी. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईच्या कोटाखाली मोठ्या प्रमाणावर सुरुंग भरले तेव्हा मराठे या कामात पुरते तरबेज झालेले होते. तिथेही साताऱ्याच्या प्रसंगाची छाया दिसते. मे महिन्यातल्या अखेरच्या हल्ल्यात काही सुरुंग उडाल्यावर लोक खिंडाराकडे धावले आणि मागे राहिलेला सुरुंग उशिरा उडून त्यांच्यातलेच अनेकजण त्यात गेले. साताऱ्यात बत्ती लवकर पोहोचली, वसईत उशिरा. दारूच्या ओळीवर अवलंबून असलेल्या त्या काळच्या तंत्राला वेळ पाळता येत नव्हती, हा दोष कोणत्याही एका सैन्याचा नव्हता. वसईला मात्र समुद्रकाठची सपाटी होती, पेशव्यांचे सैन्य चिकाटीने टिकून राहिले आणि कोट पडला.

कृष्णाकाठच्या भुईकोटांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मिरजेच्या कोटाला शिवाजी महाराजांनी १६६० च्या प्रारंभी वेढा घातला, पण सिद्दी जौहरच्या स्वारीमुळे त्यांना पन्हाळ्याकडे वळावे लागले. १७३९ मध्ये शाहू महाराजांनी तो घेतला. काळ्या मातीचा हा प्रदेश खणायला सोपा, पण नदीजवळ असल्याने भुयारात पाणी शिरण्याचा धोका मोठा, आणि भोवती खंदक असेल तर तो आणखी वाढतो. खंदक म्हणजे केवळ शिडी लावणाऱ्याला अडथळा नव्हे. सुरुंग नेणाऱ्याला खंदकाच्याही खालून जावे लागे आणि तिथे ओल त्याची दारू निकामी करी. पटवर्धनांनी सांगलीत बांधलेल्या गणेशदुर्गालाही खंदक होता. कोरड्या दारूचे महत्त्व आज्ञापत्रानेही जाणले आहे; दारूचे कोठार राहत्या घरांपासून दूर असावे आणि दारू वेळोवेळी बाहेर काढून उन्हे द्यावीत, असे ते बजावते.

या मुलखात सुरुंग हा शब्द आज लढाईपेक्षा विहिरीशी अधिक जोडलेला आहे. जत, आटपाडी, माण भागात पाण्यासाठी खडक फोडताना भोक पाडून त्यात स्फोटक ठासणे आणि बत्ती देण्यापूर्वी हाळी देऊन माणसे लांब करणे, ही पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली. तरबियतखानाच्या लोकांनी केलेल्या कामात आणि या कामात हत्यारांचा फरक थोडा आहे. एका कामात हाळी देणे बंधनकारक आणि दुसऱ्यात ती देणे म्हणजे सारे श्रम वाया.

आज्ञापत्रात सुरुंगाचा जो उल्लेख येतो तो मात्र शत्रूचा तट उडवण्यासाठी नाही, तर स्वतःच्या गडाच्या रक्षणासाठी. गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंग लावून फोडावा आणि गडाच्या माऱ्याखाली आणावा, ते जमत नसेल तर ती जागाही बांधून बळकट करावी, असा त्यातला सल्ला आहे. शेजारच्या उंचवट्यावर शत्रूची तोफ चढली की घेऱ्यातली झाडी, मेटे, चोरवाटा आणि धोंड्यांचे ढीग हे सारे एकदम निरुपयोगी होते, हे पंतांनी पुरंदरच्या शेजारच्या वज्रगडाच्या उदाहरणावरून जाणले असणार. १६६५ च्या एप्रिलमध्ये वज्रगड दिलेरखानाच्या हाती गेल्यावरच पुरंदरचा बचाव खिळखिळा झाला होता.

या सल्ल्याची परीक्षा सातारा जिल्ह्यातच, शंभर वर्षांनी झाली. कोयनेच्या खोऱ्यातला वासोटा हा रानाने वेढलेला, पोहोचायला अत्यंत कठीण असा किल्ला आहे आणि पेशवाईत तो कैद्यांसाठी वापरला जाई. १८१८ च्या फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला इंग्रजांना जवळपास विनासायास मिळाला, पण वासोट्यावर भास्करपंत हा किल्लेदार दोन इंग्रज अधिकाऱ्यांना कैदेत ठेवून अडून बसला. जनरल प्रिट्झलरच्या फौजेने रानातून वाट काढत तोफा ओढून नेल्या आणि त्या किल्ल्यासमोरच्या, जुना वासोटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच डोंगरावर चढवल्या. तिथून मारा सुरू झाल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किल्ला शरण आला. रान दाट होते आणि कडे शाबूत होते. जुन्या वासोट्याचा डोंगर मात्र कोणी फोडलेला नव्हता.